क्लॉझेटमधले रामटेके काका

रामटेके काकांशी माझी ओळख झाली ती मिक्सरवरून.

अर्विंगच्या त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दुपारची वेळ. मी वर्क फ्रॉम होम करत होते, म्हणजे एका खोलीत लॅपटॉप उघडा ठेवून दुसऱ्या खोलीत खोबऱ्याची चटणी वाटत होते. दारावर टकटक झाली. बघते तर साठी ओलांडलेले एक उंच, सावळे गृहस्थ. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पँटमध्ये नीट खोचलेला, पायात पॉलिश केलेले बूट. टेक्सासच्या उन्हाळ्यात भर दुपारी असे बूट घालून दारात येणारा मराठी माणूस विमाच विकायला येणार, म्हणून मी दार अर्धंच उघडलं.

"मी शेजारचा. रामटेके. आपला मिक्सर अजून किती वेळ चालेल?"

"का हो काका? त्रास होतोय का?"

"मला नाही. एका माणसाची मुलाखत सुरू व्हायची आहे. त्याला ऐकू आलं पाहिजे."

कुठल्या माणसाची, कसली मुलाखत, काही कळेना. "ते मला सांगता येत नाही," काका म्हणाले. "पण चटणी होऊन जाऊ द्या. मी थांबतो." आणि खरोखरच चटणी होईपर्यंत ते बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. मग "धन्यवाद" म्हणून आत गेले. मला त्या दिवशी चटणीत मीठ घालायचं सुचलं नाही.

काका मूळचे नागपूरचे. एका बँकेतून राजभाषा अधिकारी म्हणून रिटायर झाले आणि काकूंना घेऊन मुलाकडे आले. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. रिकामं बसणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी परीक्षा दिल्या, कसली कसली चौकशी पार पाडली आणि एका कंपनीसाठी फोनवरचे दुभाषे झाले. या कामाला बंद दाराची खोली लागते, आत दुसरं कोणी असता कामा नये. घरात तशी जागा एकच होती, सुनेचं वॉक-इन क्लॉझेट, म्हणजे कपडे ठेवायची खोली. तिथे तिच्या साड्या आणि हिवाळी कोट यांच्या मधोमध एक स्टूल, एक छोटं टेबल, हेडफोन आणि पाण्याचा ग्लास अशी काकांची कचेरी थाटलेली होती. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही हा त्यातला फायदा. तोटा असा, की क्लॉझेटची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. शब्द कळायचे नाहीत, पण आवाज यायचा. आधी संथ, खर्जातला हिंदी सूर, मग थोडा थांबून तोच माणूस इंग्रजीत. दुपारी भांडी घासताना माझी सोबत म्हणजे तो आवाज.

बूट कशाला घालता, फोनवर कोण बघतंय, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "पलीकडचा माणूस जन्मातलं सगळ्यात वाईट जे झालं ते सांगत असतो. मी लुंगीत बसून ऐकू?"

काम काय, तेही त्यांनी हळूहळू सांगितलं. कोणाचं, ते मात्र कधीच नाही. दक्षिणेच्या सीमेवर चालत येऊन "मला परत जायची भीती वाटते" असं म्हणणाऱ्या माणसाला कोठडीत ठेवतात. काही दिवसांनी एक अधिकारी फोनवरून त्याची मुलाखत घेतो. भीतीत तथ्य आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो माणूस न्यायाधीशापुढे आपलं म्हणणं मांडायला पात्र. नाही वाटलं, तर विमानात बसवून परत. मधे भाषेची अडचण, म्हणून लाइनवर तिसरा माणूस. अधिकारी कुठल्याशा ऑफिसात, तो माणूस सीमेजवळच्या कोठडीत, आणि काका साड्यांमध्ये.

"मी नळ आहे," ते म्हणायचे. "पाणी वरून येतं, खाली जातं. नळानं चव बघायची नसते."

दुभाष्यानं 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. त्या माणसानं 'मी' म्हटलं की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. या नियमानं काकूंचा मात्र एकदा जीव घेतला. काकू गोल, हसऱ्या, वऱ्हाडी ठसक्याच्या. इंग्रजी बोलत नसत, पण टीव्ही बघून बघून समजायला लागलं होतं. एकदा त्या क्लॉझेटच्या दाराशी चहा घेऊन उभ्या राहिल्या, मुलाखत संपायची वाट बघत. आतून काकांचा शांत आवाज आला, माझी बायको आता नाही, त्यांनी तिला माझ्यासमोर मारून टाकलं.

काकू तो चहा घेऊन तशाच माझ्याकडे आल्या. "आज मारून टाकलं बाई मले," म्हणाल्या. "आणि हे कसे सांगत होते माहीत आहे? लाइट बिल भरलं म्हणून सांगावं तसे." आम्ही दोघी हसलो. मग काकूंनीच तो चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून काकांनी दाराबाहेर टेबलफॅन लावून ठेवायला सुरुवात केली, आवाज झाकायला.

एक सवय मला विचित्र वाटायची. मुलाखत संपली की काका टिपणांचे कागद मशीनमध्ये घालून फाडायचे, तोही नियमच. मग बेसिनशी जाऊन खळखळून गुळण्या करायचे. त्यानंतरच जेवण किंवा चहा. काकूंनी कितीदा डोकं आपटलं की घशाला काही झालंय का, डॉक्टरला दाखवा. काका म्हणायचे, "घसा ठीक आहे. तोंडात दुसऱ्याचं काहीतरी राहून जातं." मग कॉम्प्लेक्सच्या तळ्याभोवती एक फेरी. त्या फेरीत समोरून कोणी आलं तरी ते ओळख द्यायचे नाहीत. आमची रिया एकदा धावत त्यांच्याकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "Mom, he looked at me like I was somebody else." मी तिला गप्प केलं, पण मीही ते पाहिलेलं होतं.

आता त्यांच्या हिंदीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या हिंदीनं घडवलं. काकांची हिंदी म्हणजे राजभाषेची हिंदी. बँकेत दर सप्टेंबरला हिंदी पंधरवडा असायचा, त्याची ढाल काकांच्या शाखेकडून कधी कोणी नेली नाही. साधं 'नंतर' म्हणायच्या जागी ते 'तत्पश्चात' म्हणायचे, 'सांगा' म्हणायच्या जागी 'विवरण प्रस्तुत करें'. इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता विचारायचा तरी "कृपया" म्हणून सुरुवात. मी चेष्टा करायचे, "काका, तो बिचारा ऑफिसरपेक्षा तुमच्या हिंदीलाच घाबरत असेल." काका हसायचे. एकदा मात्र हसता हसता म्हणाले, "बँकेत लागलो तेव्हा एक साहेब मला ऐकू जाईल असं बोलले होते, या लोकांना कोट्यातून खुर्ची मिळेल, भाषा कुठून मिळणार? तेव्हा ठरवलं ताई, आपल्या जिभेवर कोणी बोट ठेवू नये. रात्रंदिवस घोकली मी ती भाषा." मी चेष्टा केली तरी ते मला ताईच म्हणायचे, मी त्यांच्या मुलाच्या वयाची असून.

आणि बाहेर मात्र हा माणूस एकदम रोखठोक. मराठी मंडळाच्या एका पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी त्या दोघांना ओढून नेलं होतं. तिथल्या एका बाईंनी काकांना गाठलं. त्यांचं ते गोड गोड सुरू झालं. रामटेके म्हणजे रामटेकचे का? नागपुरात कुठे? मूळ गाव कुठलं? तुमच्याकडे लग्नं कुठल्या पद्धतीनं लावतात? माझं आडनाव कुलकर्णी, त्यामुळे या वाटेनं मला कधी कोणी फिरवलेलं नाही, पण ही वाट कुठे जाते ते न कळायला मी काही दुधखुळी नाही. काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली. "इंदोरा, नागपूर. बौद्ध," ते म्हणाले. "आपला वेळ वाचवला. भजी घ्या, गार होतायत." त्या बाईंनी मुकाट्यानं भजी घेतली. गाडीत बसल्यावर काकू पोट धरून हसत होत्या. काका म्हणाले, "हसू नको. माझ्या बापाला हे सांगता आलं नाही जन्मभर. मी सांगतो. पहिल्या मिनिटात सांगतो."

हे असं दोन वर्षं चाललं. मग भिंतीपलीकडचा आवाज एकदम थांबला.

आधी मला वाटलं सुट्टीवर असतील. मग एका दुपारी काकू आल्या, केस न विंचरता. "तू विचारून पाहा त्यायले," म्हणाल्या. "मले काही सांगत नाही. ताटावर बसते आणि उठून जाते."

मी गेले. क्लॉझेटचं दार सताड उघडं होतं, टेबलफॅन बंद. काका स्टुलावर बसले होते. हेडफोनची वायर गुंडाळून टेबलावर ठेवलेली. "या ताई," ते म्हणाले. "आता दार लावायची गरज नाही. माझा नंबर बंद केला कंपनीनं."

मी तिथेच उंबऱ्याशी कार्पेटवर बसले. सुनेची एक पैठणी त्यांच्या खांद्यावर लोंबत होती, ती त्यांनी बाजूला सारली. "नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही," ते म्हणाले. "बाकीचं सांगतो."

एक मुलगा होता. विशी-बाविशीचा असावा, आवाजावरून. काकांनी नेहमीसारखी सुरुवात केली, मैं आपका दुभाषिया हूँ, कृपया स्पष्ट और ऊँचे स्वर में उत्तर दें. पलीकडून आवाज आला, "जी पंडितजी."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला हसू आलं, आणि आलं तसं विरून गेलं.

"मला, पंडितजी," काका म्हणाले. "ऑफिसर बाईंनी विचारलं, काय म्हणाला तो? मी सांगितलं, त्यानं दुभाष्याला मानाची हाक मारली. खरंच होतं ते. अर्धं."

मुलानं आपली हकिगत सांगितली. तो एका पक्षाचे पोस्टर लावायचा, दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी त्याला मारलं, पुन्हा दिसलास तर जिवंत ठेवणार नाही म्हणाले. काका म्हणाले, अशी हकिगत त्यांनी पुष्कळांच्या तोंडून ऐकलेली होती. कोणाची खरी असते, कोणाला एजंटनं पाठ करून दिलेली असते. या मुलाची पाठ केलेली होती, कारण मार खाल्ल्याचं सांगताना तो कुठेच अडखळला नाही. अडखळला तो नंतर. ऑफिसर बाईंनी विचारलं, गावात तुमचं घर कुठे? तो म्हणाला, गावाच्या दक्षिणेला, तळ्यापलीकडे. भांडण सुरू कधी झालं? "भाई की बारात के दिन से." त्या दिवशी काय झालं? मुलगा थांबला. "कुछ नहीं जी. बैंड-बाजे पे बात बढ़ गई." पक्षाच्या लोकांना वरातीचा राग का यावा? "ऐसे ही जी."

"कळलं का ताई तुम्हाला?" काकांनी विचारलं.

मला नव्हतं कळलं.

"नवरदेव घोडीवर बसला असणार. गावानं खाली ओढला असणार. आमच्या माणसानं घोडीवर बसून गावातून जायचं नसतं. दक्षिणेला, आमच्या वस्तीच्या बाजूला घर, तळ्यापलीकडे, आणि वरातीत मारामारी. त्या ऑफिसर बाईला हे कुठून कळणार? तरी ती चांगली बाई होती, घाई करत नव्हती. शेवटी तिनं स्वतःहून विचारलं, या सगळ्याचा तुमच्या जातीशी काही संबंध आहे का? बरोबर जागेवर बोट ठेवलं तिनं. मी विचारलं मुलाला, शब्दाला शब्द. तो गप्प. मग म्हणाला, 'नहीं पंडितजी. हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं. सब मिल-जुल के रहते हैं.'"

काकांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. "माझा बाप हेच वाक्य म्हणायचा. पाटलासमोर. हाच सूर. हीच घाई. तो मुलगा ऑफिसरशी खोटं बोलला नाही ताई. माझ्याशी बोलला. लाइनवर एक देशातला पंडित बसलाय, त्याच्यासमोर आपली जात काढायची नाही. पुढे त्याच्या घरच्यांना त्रास होईल. इतकं लांब, जंगलं तुडवत आला, आणि इथे येऊन त्याला पुन्हा पंडितजीच भेटला."

"मग तुम्ही मधे बोलायचं ना काका!" माझा आवाज चढला. "ऑफिसरला सांगायचं!"

"काय सांगायचं? दुभाष्याला वाटतं हा माणूस अमुक जातीचा आहे? जे त्याच्या तोंडून आलं नाही, ते मी त्याच्या तोंडात घालू? उद्या माझ्या जागी दुसरा कोणी बसेल आणि मधेच म्हणेल, हा खोटं बोलतोय, मी ओळखतो या लोकांना. मग? नियम चांगला आहे ताई. त्याच्यामुळेच लोक वाचतात." थोडं थांबून ते म्हणाले, "पण 'पंडितजी' म्हटल्यावर, मी पंडित नाही, एवढं तर म्हणता आलं असतं. दुभाष्याला स्वतःबद्दल गैरसमज दूर करायची मुभा असते. तेवढी असते. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते मी आठवडाभर शोधतोय. मला वाटतं, मला बरं वाटलं असेल."

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

काही दिवसांनी पुन्हा फोन आला. निर्णय वाचून दाखवायचा होता. इतके दुभाषे असताना तो कॉल नेमका काकांकडे आला. अधिकारी या वेळी दुसरा होता. काकांनी आवाज ओळखला, मुलानंही ओळखला. "नमस्ते पंडितजी," म्हणाला, जरा आनंदानंच, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. आणि काकांनी त्याला त्याच शुद्ध हिंदीत सांगितलं की, आपका भय विश्वसनीय नहीं पाया गया.

अधिकाऱ्यानं विचारलं, हा निर्णय न्यायाधीशानं तपासून बघावा असं वाटतं का? हो किंवा नाही सांगा. हा शेवटचा दरवाजा. मुलगा म्हणाला, "पंडितजी, आप ही बताइए, क्या करूँ?"

नियमाप्रमाणे काकांनी तेही इंग्रजीत सांगितलं. अधिकारी म्हणाला, दुभाषा सल्ला देऊ शकत नाही. काकांनी ते हिंदीत सांगितलं. दुभाषिया परामर्श नहीं दे सकता. मुलगा जरा वेळ थांबला. "तो रहने दीजिए," म्हणाला. "आपको क्यों तकलीफ़ दें."

"मला तकलीफ होऊ नये म्हणून," काका म्हणाले. ते रडत नव्हते. मी रडत होते. पैठणीच्या पदराला डोळे पुसायचे नाहीत एवढं भान मला होतं, म्हणून ओढणीला पुसले.

मुलाखत संपल्याचं अधिकाऱ्यानं सांगितलं, काकांचे आभार मानले. लाइन बंद व्हायच्या आत काका म्हणाले, "जय भीम, बेटा."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. श्वास ऐकू येत होता. कोणीतरी त्याच्या बाजूला इंग्रजीत काहीतरी बोललं, शिपाई असेल. मग लाइन कट झाली." त्यांनी हेडफोन जरा सरळ करून ठेवला. "ऐकू गेलं असेल का त्याला? तेच मला कळत नाही. नसेल गेलं, तर तो मला पंडित समजूनच परत जाईल. आणि गेलं असेल, तर त्याहून वाईट. आपलाच माणूस होता, आणि त्यानं मला आरामात जाऊ दिलं."

काकांनी त्याच दिवशी स्वतः कंपनीला फोन करून सगळं सांगितलं, आपण नियम मोडला तेही. मुलाची मुलाखत पुन्हा घ्या, या वेळी दुसरा दुभाषा द्या, असं विनवलं. कंपनीनं प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले, तक्रार पुढे पाठवू म्हटलं आणि त्यांचा नंबर बंद केला. मग ते वकिलांच्या संस्थांना फोन करत बसले. प्रत्येक जण विचारायचा, मुलाचं नाव काय, केस नंबर काय? दोन्ही त्या फाडलेल्या कागदांवर होतं. आणि नाव लक्षात ठेवायचं नाही, अशी शिस्त काकांनी स्वतःला इतकी लावून घेतली होती, की खरंच ते त्यांना आठवेना. मी त्यांना आठवून बघा म्हणून किती छळलं. ते डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "आवाज येतो. नाव येत नाही."

गुळण्या करणं त्यांनी त्यानंतर बंद केलं. काकू म्हणाल्या, बरं झालं, पाण्याचं बिल कमी येईल. पण म्हणताना त्या हसल्या नाहीत.

मग मला वेगळंच कानावर यायला लागलं. आधी माझा नवरा संदीप म्हणाला, "अगं, ते काका हायवेच्या एक्झिटवरच्या गॅस स्टेशनवर दिसले, काउंटरवरच्या पोराशी काहीतरी बोलत होते." मग काकूंनीच सांगितलं. काका मुलाची गाडी घेऊन सकाळी निघतात. जिथे जिथे देशातली पोरं काउंटरवर असतात, गॅस स्टेशन, सँडविचचं दुकान, मोटेल, तिथे आत जातात. पोराकडे बघून म्हणतात, जय भीम. थांबतात. कोणी "नमस्ते अंकल" म्हणतं. कोणी ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारतं. एका मालकाला वाटलं वर्गणी मागायला आलेत, त्यानं नोट काढून पुढे केली. काका "धन्यवाद" म्हणून बाहेर येतात आणि पुढच्या दुकानाकडे जातात. "मी म्हटलं, अहो, त्याले तर परत पाठवलं असेल ना," काकू म्हणाल्या. "तर म्हणते, मले माहीत आहे."

त्या दोघांचं वय एकदम दिसायला लागलं होतं.

संदीपला दूर एडिसन शहरात नोकरी मिळाली आणि आम्ही निघायची तयारी सुरू केली. काका-काकूंनीही नागपूरला परतायचं ठरवलं होतं. निरोपाचं जेवण झालं. काकूंनी मला साडी दिली, काकांनी रियाच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, भेट संपली. पण ती शेवटची नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी गाडीत पेट्रोल भरायला हायवेजवळच्या गॅस स्टेशनवर गेले होते. पंपाचं कार्ड मशीन बंद, म्हणून पैसे आत द्यायचे होते. काचेतून बघते तर काउंटरसमोर काका. काउंटरमागे आपल्याकडचा एक तरुण मुलगा, टोपी घातलेला, आणि त्याच्या शेजारी मालक सिगरेटची खोकी लावत होता. काकांचे ओठ हलले. मुलानं त्यांच्याकडे बघितलं, मग मालकाकडे बघितलं, आणि मान हलवून हसला, समजलं नाही असं. काकांनी मान लववली. मी दारापर्यंत पोचले तोवर ते दुसऱ्या दारानं बाहेर पडून गाडीत बसलेसुद्धा होते. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या गॅस स्टेशनकडे निघाली.

मी पैसे द्यायला आत गेले. मालक खोकी घेऊन मागच्या खोलीत गेला. मुलगा कार्ड मशीनमध्ये घालता घालता हळूच म्हणाला, "मैडम, वो अंकल... आप बाहर से उनको देख रहे थे. आपके कुछ लगते हैं?"

"पड़ोसी हैं हमारे."

त्यानं मागच्या खोलीकडे एकदा बघितलं. "उनको मेरा जय भीम बोल दीजिएगा," म्हणाला, आणि पावती माझ्या हातात दिली.

मी धावतच बाहेर आले. रस्त्यापलीकडे काका गाडी लावून उतरत होते. मधे इतक्या गाड्या धावत होत्या की हाक मारून उपयोग नव्हता. मी फोन लावला. त्यांनी खिशातून फोन काढून कानाला लावलेला मला दिसत होता.

"काका, मागे बघा, मी समोर आहे. तो मुलगा, आत्ताचा, त्यानं तुम्हाला जय भीम सांगितलाय. तुम्ही होता तेव्हा मालक शेजारी होता ना, म्हणून नाही बोलला."

काकांनी मागे बघितलं नाही.

"काका? ऐकताय ना? मालक आता आत गेलाय, परत या तुम्ही."

"नको. त्याची नोकरी आहे," ते म्हणाले. मग गाडीचं दार लावत, "म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं."

"हो काका. ऐकू गेलं होतं."

"पण शेजारी कोणी होतं, म्हणून बोलला नाही."

ते कुठल्या मुलाबद्दल बोलतायत ते मी विचारलं नाही. "हो," म्हटलं.

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दार ढकलून आत गेले.